भुईपासून हातभर वर

आमच्या मळ्यातल्या घरामागं फळ्यांचा ओटा होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. ओटा म्हणजे दगडाचा, नाहीतर मातीचा. शेणानं सारवायचा, सणाला कडेनं रांगोळी घालायची. फळ्या असतात त्या गाडीला आणि दाराला. पण मला दगड नको होता आणि मातीही नको होती. दगडाच्या सांदीत आणि मातीच्या भेगेत काय बसलेलं असतं, ते मला ठाऊक होतं.

तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. बारामतीच्या बाहेर, पाटाच्या कडेला आमचा मळा होता. पाटाच्या पाण्यावर मेथी, वांगी, कोथिंबीर, आणि बांधानं पेरू. पहाटे गाडी भरायची आणि बारामतीच्या बाजारात जायची. घरात सासरे, सासूबाई, आमचे मालक आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. माझं माहेर इंदापूरकडचं, कळसचं. तिथला माळ मुरमाचा, आणि विंचू उदंड. घोंगडं झटकल्याशिवाय अंगावर घ्यायचं नाही, हे आम्ही बोलायला लागायच्या आधीच शिकलेलो. चावलाच कुणाला तर तो एक दिवस बोंबलायचा आणि दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागं जायचा. त्याची भीती अशी कुणी बाळगत नव्हतं.

माझी भीती नंतरची. माझा पहिला मुलगा चांगला चालता-बोलता असताना गेला. उन्हाळ्यातली तिन्हीसांज होती. परसात सूप पालथं पडलेलं होतं, जसं कुठल्याही घरच्या परसात पडलेलं असतं. त्यानं सुपाखाली हात घातला. आधी तो फार ओरडला. मग ओरडायचा थांबला, आणि मला वाटलं, उतरला विंचू. पण त्याचं अंग घामानं भिजलं होतं, हातपाय गार पडत होते. तोंडाला फेस आला तसं मालकांनी त्याला गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्याची वाट धरली. गाडी अर्ध्या वाटेतूनच परत आली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज इतक्या लवकर उलटा का येतोय, हे मला दारात उभ्या उभ्या कळलं.

पुढं मुलगी झाली. लोक म्हणाले, देवानं घेतलं तसं दिलं. मला आनंद झाला नाही असं नाही, पण त्याच्या आधी भीती झाली. ती पाळण्यात असेस्तोवर ठीक होतं. पाळण्याच्या दोऱ्या मी रोज सकाळी वरपासून खालपर्यंत हातानं चाचपायची. ती पालथी पडायला लागली, सरकायला लागली, तशी माझी झोप उडाली. घराची भुई मातीची, परसाची भुई मातीची, आणि मला दिवसभर दोन्ही हातांनी काम. मी तिला पाठीशी बांधून भांडी घासायची, पाठीशी बांधून मेथीच्या जुड्या बांधायची.

"पोरगी हाय का गाठोडं?" आत्याबाई म्हणायच्या. "उतरव तिला खाली. हाडं धरत्याल तिची तशीच."

मी ऐकलं न ऐकलं करायची. तसा माझा स्वभाव काही गरीब गाईचा नव्हता. एरवी मी एकाला दोन देणारी. पण या बाबतीत बोलायला तोंड उघडलं की आतून रडूच यायचं, म्हणून गप्प राहायची.

ओट्याचं मनात आलं ते गाडीमुळं. बाजाराहून आलेली गाडी परसात सोडलेली असायची. एक दिवस जू टेकूवर होतं, गाडी सपाट उभी होती, आणि मी मुलीला गाडीत ठेवून भांडी घासली. फळ्यांवर ती खेळत राहिली. भुईपासून वर, चारी बाजूंनी हवा, आणि ती हलली की फळी वाजायची. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझे खांदे सैल पडले. पण गाडी काय माझ्यासाठी परसात उभी राहणार होती? रोज पहाटे ती जायची, आणि कधी कधी सांज करून यायची.

मी मालकांना म्हटलं, "मला मागल्या दारी गाडीसारखं काहीतरी करून द्या. न हलणारं."

मुलगा गेल्यापासून ते बोलायचे कमीच. त्या संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर त्यांनी जे तोंड मिटलं ते पुरतं उघडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी चुलीतला कोळसा घेऊन मागच्या भिंतीवर चौकोन काढत बसले, तर ते मोटेचा जुना नाडा घेऊन आले आणि एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर." आम्ही दोघांनी मिळून परस मोजलं. दाराच्या उंबऱ्यापासून पेरूच्या झाडाच्या अलीकडंपर्यंत लांबी, आणि माझी भांडी, पाटा-वरवंटा नि पोर मावेल एवढी रुंदी. उंची किती, हे विचारल्यावर मी माझ्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो हात धरून आणखी वर सरकवला. तेही भीत होते, हे मला तेव्हा कळलं.

मामांनी हरकत घेतली नाही. ते फक्त म्हणाले, "सुनंचा माळा हुतोय म्हनायचं. पाखरं हाकायला गोफण बी द्या एक." आत्याबाई मात्र दोन दिवस धुसफुसत होत्या. "भुईला भिऊन कोन जगलंय? शेवटाला तितंच निजायचं हाय." हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि मग माझं तोंड बघून आत निघून गेल्या.

सुतार आला. तो साऱ्या मळ्यांच्या गाड्या करणारा, आणि गाडी सोडून दुसरं काही करायची त्याला सवय नव्हती. त्यानं भिंतीवरचा माझा कोळशाचा चौकोन पाहिला, डोकं खाजवलं आणि मामांना विचारलं, "आबा, चाकं कुठं लावायची हिला?"

"चाकं नगंत," मामा म्हणाले. "पळून जायाची."

बाभळीचे मेढे पुढच्या बाजूला रोवले, मागची बाजू घराच्या जोत्यावर टेकवली. आमच्या जुन्या मोडक्या गाडीच्या फळ्या काढल्या, कमी पडल्या त्या सुतारानं आणल्या. रंधा फिरत होता आणि मी मुलीला पाठीशी घेऊन सुताराच्या डोक्याशी उभी. मी त्याला सारखी बोलत होते. ही कड नीट बसली नाही. इथं भोक राहिलं. फळ्या एकमेकींना चिकटव, मधे सूतभरही जागा नको. शेवटी तो वैतागला.

"बाई, वर भांडी घासनार न्हवं तुमी? मग पानी कुठं जाईल? फट ठेवायाच पायजे. न्हाईतर पावसाळ्यात फळ्या फुगून वर येत्याल."

बोटभर फट राहिली. मी चिंध्यांच्या वळकट्या करून त्या फटी भरून काढल्या. मेढ्यांच्या बुडाशी मी दगडी डोण्या बसवून घेतल्या, कोंबड्यांना पाणी ठेवतात तसल्या. मेढा मधे, भोवती पाणी. बाजेच्या पायांखाली मुंग्यांसाठी वाट्या ठेवतात, तीच युक्ती. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी त्या डोण्या भरायची. पाटाला पाणी नसेल तेव्हा लांबच्या विहिरीवरून घागर आणायची, प्यायला नंतर आणि डोण्यांना आधी. जोत्याच्या भिंतीची प्रत्येक भेग मी शेणमातीनं लिंपली. असा बंदोबस्त केल्यावर चांगली झोप लागेल असं वाटलं होतं. थोडी लागायचीही.

मुलगी बसायला लागली तेव्हा आत्याबाईंनी तिला भुईवर बसवायचा मुहूर्त काढला. मूल पहिल्यांदा भुईला टेकवायचं तर हळदकुंकू वाहून, भुईच्या पाया पडून टेकवायचं, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, ओट्यावर बसवू. आत्याबाईंचा चेहरा उतरला. सुनेशी भांडायला त्या कधी मागं सरल्या नव्हत्या, पण त्या दिवशी भांडल्या नाहीत. मळ्यात जाऊन भिजत्या वाफ्यातली चिमूटभर काळी माती घेऊन आल्या, फळीवर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि पोरीला त्या चिमटीवर बसवलं. "तेवढं तरी बुडाला लागू दे," म्हणाल्या. विधी झाल्याझाल्या मी ती माती ओल्या फडक्यानं पुसून काढली.

त्या ओट्यावर माझे दिवस चांगले गेले. मुलगी उभी राहिली, धरून धरून चालली, मग न धरता चालली. तिच्या पायांत घुंगरांचे वाळे होते. ती चालली की वाळे वाजायचे आणि त्यांच्याखाली फळी वाजायची, दप, दप. मी आत भाकरी थापत असले तरी मला कळायचं, आता दारापाशी आहे, आता कडेला गेली. कडेला गेली की मी आतून ओरडायची, "खाली बू हाय! आईकडं ये!" ती लगेच फिरायची आणि दपदप करत माझ्याकडं पळत यायची. मी तिला उचलून घ्यायची, मुके घ्यायची. आईकडं पळत यायचं, हे तिला बोलायच्या आधी पक्कं आलं. पेरूच्या झाडाचं पान वाऱ्यानं खाली पडलं तरी ती कडेशी उभी राहून त्याला हात दाखवायची आणि म्हणायची, "बू." शेजारच्या मळ्यातल्या बाया बघायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नव्हतं.

मग पावसाळा आला. आमच्याकडं पाऊस तो किती, पण पाटाकाठची जमीन ओल धरते, आणि जळण भिजलं की घरभर धूर. तुराट्या, काट्या, गोवऱ्या ठेवायच्या कुठं, हा प्रत्येक घरचा प्रश्न. एक दिवस आत्याबाई परसात उभ्या राहून ओट्याखाली वाकून बघत होत्या. वर फळ्या, मागं भिंत, खाली खडखडीत कोरडं.

"एवढी कोरडी जागा मोकळी ठेवतं का कुनी?" त्या म्हणाल्या.

आमच्या भागात खरंच कुणी ठेवत नाही. बाजेखाली कांदा, उतरंडीमागं बियाणं, माळ्यावर भोपळे. कोरडी जागा दिसली की हात आपोआप काहीतरी घेऊन येतो. आत्याबाईंनी गोवऱ्या आणून रचल्या, मामांनी तुराट्यांच्या पेंढ्या सारल्या. ओट्याखालच्या त्या जागेचा उपयोग झाला म्हणून सगळेच खूश. मलाही बरं वाटलं, कारण भर पावसात लांबच्या खोपटाकडं जायची माझी पायपीट वाचली. आत्याबाईंनी ओट्याला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं, त्याचंही बरं वाटलं. मी रोज सकाळी मेढ्यांच्या डोण्या पाण्यानं भरत होते, आणि मधोमध जमिनीपासून फळ्यांपर्यंत गोवऱ्या लागल्या होत्या. विंचवाचं नाव काढलं की घाम फुटणारी मी, मुरमाच्या माळावर वाढलेली मी. मला ते दिसलं नाही, आणि चौघांपैकी कुणालाच दिसलं नाही.

पावसाळा सरला, थंडी गेली, उन्हं तापायला लागली. फटीतल्या चिंध्या भांड्यांच्या पाण्यानं कुजल्या होत्या, त्या मी बदलायच्या म्हणत होते.

तो दिवस बाजाराचा होता. मालक आणि मामा गाडी घेऊन गेले होते, ते नुकतेच येऊन पाटावर बैलांना पाणी पाजत होते. आत्याबाई पलीकडं वांग्यात होत्या. मी मागल्या दाराच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होते. मुलगी ओट्याच्या पार पुढच्या कडेला, पाठमोरी, मेथीच्या काड्या एकेक करून खाली टाकत होती. ऊन फळ्यांवर आलं होतं. माझ्या आणि तिच्या मधे, ओट्याच्या बरोबर मध्यावर, फटीतून काहीतरी वर आलं. आधी मला वाटलं चिंधीच वर आली. मग तिनं नांगी उचलली.

तांबडा विंचू. हातातली मेथी कधी गळली मला कळलं नाही. जवळ काठी नाही, वहाण नाही. मुलगी कडेशी होती. तिनं नुसतं खाली सरकायचं होतं, पाय सोडायचे होते, जमिनीवर उभं राहायचं होतं. जमीन त्या वेळी सगळ्यांत सुखरूप जागा होती.

मी ओरडले, "उतर! खाली उतर!"

ती वळली. माझा आवाज तिनं ओळखला, असा आवाज मी नेहमीच काढायची. तिनं एकदा खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा ओरडले, "खाली जा, बाळा, खाली!" असलं काही तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की आई ओरडली की आईकडं पळायचं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि ती फळ्यांवरून माझ्याकडं निघाली. दप, दप, दप. फळी हादरली तसा विंचू जागच्या जागी फिरला आणि तिच्याकडं तोंड करून थांबला. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघून हसत येत होती.

मी कशी उठले सांगता येत नाही. मी त्याच्यावर उडी घेतली आणि उघडा पाय दिला. मुलगी माझ्या मांड्यांवर येऊन आदळली, तिला मी वरच्या वर उचललं. टाचेखाली काहीतरी चिरडलं, आणि त्याच वेळी पायाच्या बाजूनं आग आत शिरली. मी मुलीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून उभी होते. आत्याबाई वांग्यातून पळत आल्या तेव्हाही मी तशीच उभी होते म्हणे. त्यांनी हात वर केले तरी मी तिला सोडेना. "दे, दे तिला माझ्यापाशी. मी धरली हाय," असं त्या म्हणत राहिल्या, तेव्हा कुठं माझी बोटं सुटली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. वेदना पायातून मांडीत, मांडीतून जांघेत चढली. घाम सुटला, जीभ जड झाली, आणि मला वाटलं, माझ्या लेकराला असंच झालं होतं, आणि त्याला ते सांगताही येत नव्हतं. मी मोठ्यानं रडले. पायाच्या आगीसाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त. विंचू उतरवणारा आला, त्यानं पुटपुटून पाला फिरवला. कुणी कांदा चोळला. मालक उशाशी बसून होते आणि माझा हात दाबत होते. "तू जायाची न्हाईस," ते सारखं म्हणत होते. "तू जायाची न्हाईस." मुलगा गेल्यापासून एवढं ते कधी बोलले नव्हते.

मी गेले नाही, हे उघडच आहे. दुसऱ्या दिवशी आग मांडीवरून उतरत उतरत पावलात आली. पाय भोपळ्याएवढा सुजला होता. मी आत बाजेवर पडून होते आणि मागल्या दारातून ठोकाठोकी ऐकू येत होती. मालक आणि मामा ओटा उचकटत होते. गोवऱ्या एकेक करून काढल्या. मालक आत आले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "लई हुते. एक तर पाठीवर पिलं घिऊन बसली हुती."

आत्याबाई म्हणाल्या, "आई ती बी."

मला तिची दया आली नाही. आजही येत नाही.

उन्हं कलल्यावर ठोकाठोकी थांबली. आत्याबाईंनी मुलीला कडेवर घेतलं आणि त्या मागल्या दारानं बाहेर गेल्या. मला उठता येत नव्हतं. मी पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होते. पहिल्यांदा मुलीचं रडणं आलं, जीव काढल्यासारखं, "बू, बू" करत. आत्याबाईंनी तिला खाली ठेवली होती. मी ओरडणार होते, पण पदराचा बोळा तोंडात धरला. कारण मी ओरडले तर ती माझ्याकडं पळणार, आणि मी कुठं बोलावतेय हे आता माझं मलाच ठाऊक नव्हतं. मग रडणं बारीक झालं. मग हुंदके. मग काहीच नाही.

फळीवर ती चालली की मला कळायचं. मातीवर पाऊल वाजत नाही. घुंगरांचे वाळे तेवढे कधी तरी एकदा किणकिणले आणि पुन्हा गप्प झाले. दारातून नुसतं ऊन दिसत होतं. ती चालतेय की बसलीय, हात कुठं घालतेय, काय उचलतेय, काही कळायला मार्ग नव्हता. इतकी भीती मला विंचवासमोर उभी असतानाही वाटली नव्हती.

"आत्याबाई," मी हाक मारली, "पोरगी कुठंय?"

"हितंच हाय. चालतीया."

बाहेरून काही आवाज नाही.

"आत्याबाई, कुठंय ती?"

"हितंच हाय."

आत्याबाई एरवी एका शब्दाला दोन शब्द ऐकवणाऱ्या. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मी बाजेवरून विचारत राहिले, आणि प्रत्येक वेळी, आवाज न चढवता, त्या बाहेरून सांगत राहिल्या, "हितंच हाय."